गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं, त्याची साद्यंत हकीकत

माझी गाडी काळी आहे. मेटॅलिक नाही, साधा गडद काळा. धुतल्यावर सावलीत ती देखणी दिसते आणि उन्हात आणली की बॉनेटभर गोल गोल चरांची जाळी उमटते. धुताना कापडाखाली धुळीचे कण अडकतात आणि प्रत्येक वेळी थोडे चरे पाडून जातात. ही गाडी मला अजून बरीच वर्षं चालवायची आहे आणि कारखान्यातून आलेला तिचा मूळ रंग टिकावा असं फार वाटतं. म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत सिरॅमिक कोटिंगची चौकशी सुरू केली. काम मार्चअखेरीस झालं आणि पहिली वार्षिक तपासणी नुकतीच पार पडली. या सगळ्यात कुठे किती थांबावं लागलं, पैसे कशावर गेले आणि कुठली कागदपत्रं लागली ते लिहिते आहे, कारण चौकशीच्या पहिल्या पंधरवड्यात मी पार गोंधळून गेले होते.

गोंधळ व्हायचं कारण जाहिराती. कोणी नऊ एच म्हणतं, कोणी ग्राफीन, कोणी आजन्म वॉरंटी. आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते समजून घ्यायचं ठरवलं, आणि ते फार उपयोगी पडलं.

कोटिंग म्हणजे बाटलीतून येणारं एक द्रावण. त्यात बहुधा सिलोक्झेन किंवा पॉलिसिलाझेन जातीची रेझिनं असतात. रंगावर चोळलं की त्यातलं द्रावक उडून जातं, उरलेला भाग हवेतल्या बाष्पाशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतो आणि रंगावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला, चिकटून बसतो. मेणासारखं ते शाम्पूने निघत नाही, काढायचं तर पॉलिश करूनच काढावं लागतं. पण थर किती जाड? साधारण एक-दोन मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खालचा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो आणि दगडांपासून वाचवायला जी पारदर्शक फिल्म लावतात ती 150 ते 200 मायक्रॉनची. हे आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर बरेच प्रश्न आपोआप मिटले. एक-दोन मायक्रॉनचा थर उडालेला खडा अडवणार नाही, पार्किंगमध्ये कोणी किल्ली ओढली तर तीही अडवणार नाही. त्याचं काम वेगळं आहे. पाणी, चिखल, पक्ष्यांची विष्ठा, डांबर यांना पृष्ठभागावर सहज चिकटू न देणं, रसायनांपासून रंगाला थोडा वेळ मिळवून देणं आणि धुणं सोपं करणं. धुणं सोपं झालं की घासणं कमी होतं आणि चरेही कमी पडतात. मला हवं होतं ते एवढंच.

नऊ एचबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण जवळपास प्रत्येक विक्रेता तिथूनच सुरुवात करतो. ही पेन्सिलीची चाचणी आहे. वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली ठरावीक कोनात आणि ठरावीक दाबाने थरावर ढकलतात आणि ओरखडा न पाडणारी सर्वांत कठीण पेन्सिल कोणती ते नोंदवतात. नऊ एच ही त्या मालिकेतली सहसा सर्वांत कठीण पेन्सिल. चाचणी खरी आहे आणि रंगउद्योगात रोज वापरली जाते. पण हिऱ्याला 10 आणि क्वार्ट्झला 7 गुण देणारं खनिजांचं मोह्स माप निराळं, या नऊचा त्या मापाशी काही संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झची वाळू असते. ती कापडाखाली सापडली तर कोटिंगवरही चरा पडतो. एका विक्रेत्याने मला फोनवर ‘हिऱ्याच्या खालोखाल’ असं सांगितलं. त्याच्याकडे मी पुढे चौकशी केली नाही.

कमळाच्या पानाचा दाखलाही वारंवार ऐकू आला. विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये कमळाचं पान स्वच्छ कसं राहतं यावर शोधनिबंध लिहिला. त्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण, म्हणून पाण्याचा थेंब जवळजवळ गोळीच्या आकारात राहतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. गाडीवरचं कोटिंग गुळगुळीत असतं. थेंब तिथे फुगीर राहतो, स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) 90 अंशांच्या वर जातो, पण कमळाच्या पानावर तो 150 च्या पुढे असतो. त्यामुळे कोटिंग केलेली गाडी आपोआप स्वच्छ होत नाही. धुवावी लागतेच.

जानेवारीअखेर फोन करायला लागले. तुमचं कोटिंग कोणतं, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. आधी विचारत होते की कोटिंगपूर्वी काय काय करता आणि गाडी किती वेळ ठेवून घेता. सकाळी आणा, संध्याकाळी न्या, असं सांगणारे बरेच भेटले. एवढ्या वेळात धुणं, पॉलिश आणि कोटिंग नीट होत नाही, घाईत पॉलिशला कात्री लागते. कोटिंग पारदर्शक असतं. खालचे चरे ते झाकत नाही, उलट चकाकीमुळे ते अधिक ठळक दिसू शकतात आणि पुढे ते काढायचे तर कोटिंगही काढावं लागतं. म्हणून खरं काम पॉलिशचं. माझ्या अंतिम बिलातही निम्म्याहून जास्त रक्कम पॉलिशच्या मजुरीची होती. बाटलीचा वाटा त्या मानाने लहान होता. गाडी न बघता फोनवर एकच ठोक आकडा सांगणाऱ्यांना मी बाजूला ठेवलं. जो म्हणाला, “आधी गाडी आणा, धुऊन दिव्याखाली बघू, मग आकडा सांगतो,” त्याच्याकडे गेले.

ही पाहणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. पाहणीचं वेगळं शुल्क होतं, काम तिथेच केलं तर ते बिलातून वजा होणार होतं. मला हे रास्त वाटलं, कारण त्यांनी बराच वेळ दिला. गाडी धुतल्यावर डिटेलरने, म्हणजे हे काम करणाऱ्या कारागिराने, मला पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून हलकेच फिरवायला सांगितलं. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागला. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि इतर कचरा क्लिअर कोटमध्ये रुतून बसतो, तो धुतल्याने जात नाही. ही तपासणी घरी कोणालाही करता येते, गाडी फक्त नुकती धुतलेली हवी.

मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र आलं. टप, बॉनेट आणि तीन दारांवर आकडे 105 ते 125 मायक्रॉनच्या आसपास होते. बंपरवर यंत्र चाललं नाही, कारण ते खाली धातू असेल तरच मोजतं. मागच्या डाव्या दारावर आकडा 240 च्या वर गेला. तो का, ते मला माहीत होतं. डिसेंबरात ते दार घासलं गेलं होतं आणि विम्याच्या दाव्यातून नव्याने रंगवून घेतलं होतं. डिटेलरने लगेच रंगवल्याची तारीख विचारली. ताज्या रंगातून द्रावकं बराच काळ बाहेर पडत राहतात. भट्टीत भाजलेला रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पुरता पिकलेला नसतो. त्यावर घट्ट थर बसवला तर रंगाला अपाय होऊ शकतो. वॉरंटीच्या अर्जातही नव्याने रंगवलेल्या भागांचा रकाना होता आणि तिथे रंगकामाच्या बिलाची तारीख भरणं सक्तीचं होतं. माझ्याकडे विम्याचं पत्र होतं, त्यावर फक्त दावा मंजूर झाल्याची तारीख. रंगकाम करणाऱ्या वर्कशॉपकडून काम पूर्ण झाल्याची तारीख असलेलं बिल मिळवायला पाठपुरावा करावा लागला. आधी चुकीच्या गाडी क्रमांकाची प्रत आली, मग बरोबर. तुमच्या गाडीचा कुठलाही भाग गेल्या काही महिन्यांत रंगवला असेल तर हे बिल आधीच काढून ठेवा. मोकळेपणाने सांगायचं तर या दारामुळेच काम मार्चअखेरीवर गेलं. वाट बघणं जिवावर आलं होतं, पण ज्याने मला परत पाठवलं त्याच्याबद्दलचा विश्वास तिथेच पक्का झाला.

थांबण्याच्या त्या दिवसांत वॉरंटीचा कागद पूर्ण वाचला. नमुना प्रत आधी मागायची हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवले तेव्हा वर्षांचा मोठा आकडा कसा उभा राहतो ते दिसलं. आजन्म वॉरंटीवाल्या कागदात दर वर्षी पैसे भरून देखभालीचा नवा थर चढवून घेणं बंधनकारक होतं. पहिल्या कामाची तारीख धरून एका ठरावीक मुदतीत गाडी नेली नाही तर वॉरंटी रद्द. पाच वर्षांच्या कागदात वार्षिक तपासणी होती, पण नवा थर गरज असेल तरच. वगळलेल्या गोष्टींची यादी दोन्हीकडे जवळपास सारखी: खड्यांचे टवके, ओरखडे, पाण्याच्या क्षारांचे डाग, ब्रशच्या यंत्रातली धुलाई, वेळेत न काढलेली पक्ष्यांची विष्ठा. म्हणजे उरतं काय? थर सोलून निघाला किंवा पाणी झटकण्याचा गुण पूर्ण गेला, तर पुन्हा लावून देणार. मी पाच वर्षांचा कागद निवडला. त्यातला वार्षिक खर्च मला आज मोजता येत होता. आजन्मवाल्या कागदात पुढच्या वर्षांचे दर ‘त्या वेळी लागू असतील तसे’ असं लिहिलं होतं.

गाडी सोपवली त्या दिवशी जॉब शीट भरायलाच बराच वेळ गेला. चॅसी नंबर, किलोमीटर, प्रत्येक भागाच्या रंगाची जाडी, आधीपासून असलेले टवके आणि ओरखडे यांचं चित्रावर टिपण, आणि माझी सही. घाई करू नका, प्रत्येक टवका दाखवून लिहून घ्या. टोल किंवा पार्किंगची स्टिकर आधीच काढून ठेवा, आणि गाडीतलं सामानही, कारण दारांच्या कडा पुसताना ती बराच वेळ उघडी राहतात. मी थांबून काम बघण्याची परवानगी आधीच मागितली होती. ती मिळाली.

लोखंड विरघळवणारं द्रावण फवारल्यावर चाकांवर आणि दारांच्या खालच्या भागावर जांभळे ओघळ आले. क्रिया होत असल्याची ती खूण. मग डांबराचे ठिपके, मग ओलसर पृष्ठभागावरून क्ले, म्हणजे रुतलेला कचरा उचलणारी मातीसारखी मऊ वडी. नंतर रबरी पट्ट्या आणि काळं प्लॅस्टिक चिकटपट्टीने झाकलं. बॉनेटच्या एका चौकोनावर डिटेलरने आधी सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने करून बघितलं. चरे राहिले. मग जरा कापणारं कंपाउंड, आणि त्यावर पुन्हा बारीक पॉलिश. दिव्याखाली तो चौकोन आणि शेजारचा न केलेला भाग यांतला फरक बघून मी अवाक झाले. तोच काळा रंग, पण खोल, ओल्यासारखा. माझ्या गाडीचा रंग खरा असा आहे हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. डिकीच्या झाकणावर एक खोल ओरखडा होता, तो पूर्ण घालवायचा तर क्लिअर कोट बराच उतरवावा लागणार होता. “काढू शकतो, पण तिथे नंतर पॉलिश करायला फारसं काही उरणार नाही. तुम्ही सांगाल तसं.” मी तसाच ठेवायला सांगितलं. कडा गोल होऊन आता तो समोरून दिसत नाही, तिरक्या उजेडात दिसतो. उतरवलेला क्लिअर कोट परत मिळत नाही. आज सगळं आरशासारखं करण्याच्या मोहात पाच वर्षांनंतरची गरज विसरू नये असं मला वाटतं.

पॉलिश संपल्यावर आणि कोटिंगच्या आधी एकदा गाडी बघायचीच, हा माझा दुसरा आग्रह होता. पॉलिशमधली तेलं बारीक चरे तात्पुरते बुजवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसल्यावरच खरा रंग दिसतो, आणि कोटिंगही तेलकट पृष्ठभागावर धरत नाही. म्हणून पुसल्यानंतरच बघा. उजव्या पुढच्या दारावर मशीनच्या फिरण्याची पुसट वर्तुळं राहिली होती, ती त्याने लगेच बारीक पॉलिशने काढली.

बाटली माझ्यासमोर उघडली. सील बघितलं, त्यावरचा क्रमांक जॉब शीटवर लिहून घेतला. पूर्ण गाडीला 50 मिलिलिटरची बाटली पुरते. उघडलेलं द्रावण हवेतल्या बाष्पाने घट्ट होऊ लागतं, त्यामुळे आदल्या गाडीची उरलेली बाटली नको. छोट्या ठोकळ्यावर कापड गुंडाळून तो हातभर भाग घेत होता, आधी आडवा, मग उभा. थोड्या वेळात थरावर तेलासारखे इंद्रधनुषी रंग दिसले की पहिल्या कापडाने समतल करायचं, दुसऱ्या कापडाने पुन्हा पुसायचं. हा वेळ हवेच्या तापमानावर आणि दमटपणावर अवलंबून असतो. लवकर पुसलं तर थर निघून येतो, उशिरा पुसलं तर जाड, काळपट डाग घट्ट होऊन बसतात आणि ते पॉलिशनेच निघतात. म्हणून तो प्रत्येक भागानंतर दिवा खाली धरून कडा तपासत होता. बंद, स्वच्छ, तापमान सांभाळलेली जागा हवी ती याचसाठी. उघड्यावर, उन्हात तापलेल्या पत्र्यावर कोटिंग करणाऱ्याकडे गाडी देऊ नये. शेवटी इन्फ्रारेड दिव्याने थोडा शेक दिला आणि गाडी रात्रभर तिथेच ठेवली.

ताबा घेताना मी घरचा हातदिवा नेला होता. दाराखालच्या पट्टीवर एक जाड डाग सापडला, त्याने न कुरकुरता घासून पुन्हा लावून दिला, म्हणून गाडी आणखी एक रात्र थांबली. कागद मिळाले ते असे: कर लावलेलं बिल, जॉब शीटची प्रत, बाटलीचा क्रमांक आणि चॅसी नंबर असलेलं वॉरंटी कार्ड. कार्ड हातात आलं म्हणजे वॉरंटी सुरू झाली असं नव्हे. नोंदणी उत्पादकाकडे व्हावी लागते आणि त्याचा ईमेल मला बऱ्याच दिवसांनी, डिटेलरच्या स्टुडिओला आठवण केल्यावर आला. तो ईमेल येईपर्यंत विषय मिटला असं समजू नका.

पहिल्या आठवड्यात नियम कडक होते. पहिले 24 तास पाणी अजिबात नको, सात दिवस शाम्पू नको. मी गाडी छपराखाली ठेवली. तरी तिसऱ्या दिवशी एका पक्ष्याने बॉनेटवर घाण केलीच. ओल्या मऊ कापडाने न घासता, भिजवून उचलून घेतली. डाग राहिला नाही. नवीन कोटिंगवरचं दव किंवा पावसाचे थेंबही वाळू देऊ नयेत, टिपून घ्यावेत.

त्यानंतरचा खर्च किरकोळ आहे, पण टाळू नये असा: सामूचा तोल साधलेला म्हणजे न्यूट्रल शाम्पू, धुवायला आणि कापड विसळायला वेगळ्या बादल्या, जाड मायक्रोफायबर टॉवेल. सर्वांत मोठा शत्रू बोअरचं जड पाणी. कोटिंगवर थेंब फुगून बसतात, उन्हात तसेच वाळतात आणि प्रत्येक थेंबातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा अंश एकाच जागी गोल डाग होऊन राहतो. म्हणून मी उन्हात गाडी धुणं पूर्ण बंद केलं आणि धुतल्यावर लगेच कोरडी करते. पाणी इतकं झटकन सरकतं की एक टॉवेल पुरतो.

हिवाळ्याच्या सुमाराला बॉनेटवरचे थेंब चपटे दिसायला लागले आणि मी धास्तावले. स्टुडिओने फोनवर सांगितलं, बहुतेक वेळा थर जात नाही, त्यावर रस्त्याचा तेलकट मळ साचतो. लोखंड काढणारं द्रावण आणि नीट धुलाई झाल्यावर थेंब पुन्हा उभे राहिले. टपावर मात्र बाजूंपेक्षा कमी. तिथे ऊन सर्वांत जास्त लागतं.

वार्षिक तपासणीत तेच निघालं. मी सांगितल्यावर त्यांनी रंगाच्या जाडीचे आकडे त्याच जुन्या शीटवर नव्या रकान्यात लिहून दिले, टपाला या वर्षी नव्या थराची गरज नाही अशी नोंद केली आणि कार्डावर शिक्का मारला. तपासणीचं शुल्क साध्या धुलाईच्या दुपटीपेक्षा थोडं कमी पडलं. बॉनेटच्या पुढच्या कडेला खड्यांचे काही टवके आहेत, त्यांवर कोटिंगचा काही इलाज नाही. गंज धरायच्या आत ते भरायला हवेत. त्यासाठी टच-अप रंग मागवला आहे. रंगाचा कोड माझ्या गाडीत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर सापडला.